आपसात मिटवलेल्या एका तक्रारीबद्दल: बार कौन्सिलला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी ३१ वर्षं वकिली करतोय. वाटपाचे दावे, बांधावरच्या मारामाऱ्या, चेक न वटल्याच्या फिर्यादी, अधूनमधून अपघाताचे क्लेम. वकिलांना सनद देणाऱ्या आणि शिस्त लावणाऱ्या या कौन्सिलच्या निवडणुकीत तुमच्यापैकी काहींना मी मत दिलेलं आहे. एकदोघांच्या प्रचारासाठी त्यांच्या गाडीत बसून शेजारच्या तालुक्यांच्या बाररूम पालथ्या घातल्या आहेत, तिथला चहा प्यायलो आहे. त्यामुळे हे पत्र कुणा बाहेरच्याचं समजू नका. तक्रारीचंही समजू नका. यात तक्रार असलीच तर ती माझी माझ्याविरुद्ध आहे.

२०१९ साल. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. कारकून दप्तर बांधत होता, तेवढ्यात एक बाई दारात चपला काढून उभ्या राहिल्या. आमच्या शेजारच्या गावच्या, मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांचा २४ वर्षांचा मुलगा एमआयडीसीत फिटर होता, हायवेवर डंपरखाली गेला. क्लेम जिल्ह्याला मोटार अपघात न्यायाधिकरणात चालला, पाच वर्षांनी अवॉर्ड, म्हणजे भरपाईचा हुकूम, झालं. व्याज धरून नऊ लाख चाळीस हजार. त्यातले चार लाख मावशींच्याच नावे मुदत ठेवीत, उरलेले पाच लाख चाळीस हजार त्यांच्या बचत खात्यात. त्यांच्या हातात पडले दोन लाख.

"साहेब म्हनले, तेहतीस टक्के आपलं ठरलेलं. आन वर खर्च."

मी कागदावर आकडेमोड केली. तेहतीस टक्के काढताना पूर्ण नऊ लाख चाळीस हजार धरले होते. म्हणजे जी ठेव मावशींना पाच वर्षं मोडता येणार नव्हती, तिच्यावरचासुद्धा टक्का आधीच कापून घेतला होता. खातं वकिलानेच उघडून दिलेलं, पासबुक त्याच्याच कपाटात, आणि पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर मावशींच्या सह्या निकालाआधीच घेतलेल्या. सही त्यांना तेवढीच येते, नाव आणि आडनाव.

त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या, हे मला आजही टोचतं. त्यांना फक्त विचारायचं होतं, "आसंच असतंय व्हय ओ?"

मला उत्तर ठाऊक होतं. तुम्हालाही आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायचा नाही. पक्षकाराच्या नावाने पैसा आला की लवकरात लवकर त्याला कळवायचं. त्याच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, मागितला की दाखवायचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांच्या सहाव्या भागात, दुसऱ्या प्रकरणात हे सगळं छापलेलं आहे. आणि नियम छापून यायच्या कितीतरी आधी, १९५४ साली, मुंबईच्याच एका वकिलाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलं होतं, की असा हिस्सा ठरवणारा करार इतर दोन माणसांमध्ये चालेलही, वकिलाने केला तर ते गैरवर्तन. निकालात त्या वकिलाचं नाव नाही, नुसतं 'जी' हे अक्षर आहे. आपल्या व्यवसायात नाव झाकायची रीत किती जुनी आहे बघा.

मी काय केलं ते आता सांगतो. तो वकील माझ्यापेक्षा सात वर्षांनी ज्युनिअर, तालुक्याच्या वकील संघात पदावर. संध्याकाळी त्याला फोन लावला. "अरे, जरा बघ की. म्हातारी बाई आहे." सुट्टी संपल्यावर बाररूमच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. चहा आला. त्याने सव्वा लाख रोख आणून टेबलावर ठेवले. मी शंभराच्या स्टॅम्पवर माझ्या हाताने मजकूर लिहिला: 'सदर वकीलसाहेबांविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही.' मावशींनी नाव आणि आडनाव लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला वाघ्या घेवड्याची पिशवी आणून दिली, आणि मी ती घेतली.

चार-पाच वर्षं मी हा किस्सा माझ्या भल्या कामांमध्ये धरत होतो. सव्वा लाख परत मिळवून दिले, कोर्ट नाही, कचेरी नाही. उरलेल्या दोन लाख पंधरा हजारांचं काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

त्या स्टॅम्पपेपराला कायद्यात किती किंमत होती, तेही मला माहीत होतं. नियमांच्या सातव्या भागात स्पष्ट लिहिलंय, की वकिलाविरुद्धचं प्रकरण केवळ तक्रार मागे घेतली, तडजोड झाली किंवा तक्रारदाराला पुढे चालवायचं नाही, एवढ्याच कारणाने सोडून द्यायचं नाही. तक्रारदार वारला आणि त्याच्या जागी कुणी उभं राहिलं नाही, तरी आरोप किती गंभीर आहेत ते पाहून चौकशी चालू ठेवायचा अधिकार समितीला आहे. नियम करणाऱ्यांना माझ्यासारखी माणसं आणि मागच्या खोलीतला चहा चांगला ठाऊक असावा. पण नियम लागू होतो तो तक्रार आल्यावर. ती येऊच नये याची व्यवस्था तालुक्या-तालुक्यात आम्ही बसवून ठेवली आहे.

मग १४ मे २०२४ उजाडला. वकिलाच्या सेवेत कसूर झाली म्हणून ग्राहक आयोगाकडे दाद मागता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ साली नेमकं उलट ठरवलं होतं, ते रद्द झालं. आमच्या बाररूममध्ये पेढे आले. मीही एक खाल्ला.

पेढा खाल्ल्यावर निकाल वाचला. हा उलटा क्रम बाररूममध्ये नवा नाही. मूळ प्रकरण दिल्लीचं. चेक न वटल्याची फिर्याद, समोरच्या पार्टीने पैसे दिले, आणि वकिलाने ते पक्षकाराला न देता स्वतःकडे ठेवले, असा आरोप. रक्कम पंचवीस हजारांच्या आसपास. म्हणजे माझ्या मावशींचीच गोष्ट, फक्त आकडा लहान. सुप्रीम कोर्टाने दिलेली कारणं कायद्याला धरून आहेत, त्यांच्याशी भांडायची माझी ऐपत नाही. एका कारणापाशी मात्र मी थबकलो. वकील काम कसं करतो यावर पक्षकाराचा बराचसा थेट ताबा असतो, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार, असं त्यात म्हटलंय. दिल्ली-मुंबईच्या कंपन्यांचे कायदा अधिकारी वकिलाला सकाळ-संध्याकाळ मेल करतात, तिथे ताबा असेलही. माझ्या ऑफिसात येणारा माणूस समोरच्या खुर्चीवर बसत नाही, चारदा सांगावं लागतं. तो वकीलपत्रावर सही करतो ती कागद न वाचता, आणि पुढची तारीख कारकुनाला विचारतो. त्याचा माझ्यावर ताबा आहे, हे त्याला जाऊन सांगायची हिंमत माझ्यात नाही.

दुसरं कारण मात्र तुमच्याशी निगडित आहे. वकिलांसाठी ॲडव्होकेट्स ॲक्ट आहे, त्यात शिस्तीची स्वतंत्र यंत्रणा आहे, हेही कोर्टाने विचारात घेतलं. ग्राहक आयोगाचं दार लावून घेताना बाजूच्या दाराकडे बोट दाखवलं म्हणा ना. ते दार तुमचं आहे. दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा टाकता येतोच, पण त्याला कोर्ट फी लागते, वर्षं लागतात आणि मुख्य म्हणजे गावातल्या वकिलाविरुद्ध उभा राहणारा गावातला दुसरा वकील लागतो. तो कुठून आणायचा? मी होतो ना तिथे. मी स्टॅम्पपेपर लिहीत होतो.

आपल्याला हे दार मिळालं कसं, त्याचा आपल्याला विसर पडलाय. १९२६च्या कायद्यात बार कौन्सिल होती, पण शिस्तीची दोरी आधीसारखीच हायकोर्टाच्या हातात. त्या दोरीचा फास कुणाकुणाला बसला? १९१९ साली रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या म्हणून अहमदाबादच्या वकिलांना मुंबई हायकोर्टाने जाब विचारला. त्या प्रकरणातलं जिल्हा न्यायाधीशांचं पत्र आपल्या साप्ताहिकात छापलं म्हणून १९२० साली गांधीजी स्वतः कोर्टाच्या बेअदबीच्या कारवाईत उभे राहिले. तिकडे लंडनमध्ये ग्रेज इनने १९०९ साली सावरकरांना बॅरिस्टरीची सनद नाकारली होती, आणि इनर टेंपलने गांधीजींचं नाव १९२२ साली खोडलं ते १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, परत घेतलं. वकिलांची शिस्त दुसऱ्याच्या हातात गेली की ती सत्तेच्या सोयीने फिरते, हे आपल्या आधीच्या पिढ्यांनी सोसून शिकलेलं होतं. न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या समितीने १९५३ साली अहवाल दिला, त्यातून १९६१चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला, आणि वकिलाला जाब विचारायचा पहिला अधिकार वकिलांनी निवडून दिलेल्या कौन्सिलकडे आला. पुढे १९९८ साली सुप्रीम कोर्टाने इथवर मान्य केलं, की बेअदबीच्या शिक्षेचा भाग म्हणून कोर्टसुद्धा वकिलाची सनद निलंबित करू शकत नाही, ते काम बार कौन्सिलचं.

एवढा अधिकार दुसऱ्या फार थोड्या व्यवसायांकडे आहे. तो आपण वापरतो कसा?

ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५ म्हणतं, तक्रार आली किंवा अन्यथा, वकिलाने गैरवर्तन केल्याचं मानायला कारण असेल तर कौन्सिलने प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवायचं. 'किंवा अन्यथा' हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. म्हणजे तक्रारदार नसला तरी. समितीत तिघे: दोघे तुमच्यातले, तिसरा बाहेरचा, पण तोही वकीलच. शिक्षा म्हणजे ताकीद, काही काळासाठी निलंबन, किंवा नाव पटावरून कमी करणं. कलम ३६बी म्हणतं, एका वर्षात निकाल लावा, नाहीतर प्रकरण आपोआप दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाईल. कायदा करणाऱ्यांनी याला धाक म्हणून ठेवलं होतं. झालं काय, तर वर्ष सरू देणं हीच एक सोय होऊन बसली. डिसेंबर २०२१मध्ये सुप्रीम कोर्टापुढे हा विषय आला तेव्हा देशभरातून अशी वर्ग झालेली हजाराहून अधिक प्रकरणं दिल्लीत साचलेली होती. राज्यांच्या कौन्सिलांनी आपलं काम वर्षात करावं, दिल्लीनेही आपल्याकडची वर्षात संपवावीत, हवं तर अनुभवी वकील आणि निवृत्त न्यायाधीशांची चौकशी अधिकारी म्हणून मदत घ्यावी, असं कोर्टाला सांगावं लागलं. कल्पना करा, मावशी दिल्लीला तारखेला निघाल्या आहेत. पुण्यालाही त्या एकट्या गेलेल्या नाहीत.

आता अवघड जागेचं बोलतो. तुम्ही आमच्या मतांवर निवडून येता, तेही पसंतीक्रमाच्या मतांवर. या पद्धतीत नुसते आपले लोक पुरत नाहीत. ज्याचा पहिला उमेदवार दुसरा कुणी आहे, त्याचं तिसऱ्या-चौथ्या पसंतीचं मतही लागतं. मी प्रचारात फिरलोय, मला हे गणित माहीत आहे. प्रत्येक तालुक्यात दहा-वीस मतं फिरवणारा एक माणूस असतो, त्याला दुखवायचं नसतं. माझ्या गोष्टीतला पदाधिकारी तसाच माणूस आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार येते त्याला मत असतं, त्याच्या मित्रांना मत असतं, त्याच्यासाठी रदबदली करणाऱ्या माझ्यासारख्याला मत असतं. तक्रारदाराला मत नसतं. तुमच्यापैकी कुणाच्या सचोटीवर मी शंका घेत नाहीये. इतकंच म्हणतो, की ही मांडणी सज्जन माणसालासुद्धा हळूहळू वाकवते. मी वाकलो, आणि मला तर निवडणूकही लढवायची नव्हती.

नाण्याची दुसरी बाजू आहे, ती मांडली नाही तर बाररूममध्ये मला कुणी जवळ उभं करणार नाही. खोट्या तक्रारी होतात. समोरच्या पार्टीला दावा हरल्यावर राग काढायला वकील सोपा सापडतो. सप्टेंबर २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने तुमच्याच कौन्सिलवर ५० हजारांचा खर्च बसवला तो अशाच एका प्रकरणात. तक्रारदार त्या वकिलाचा पक्षकारच नव्हता, दोघांचं वकील-अशील असं नातंच नव्हतं, तरी प्रकरण समितीकडे धाडलं गेलं, आणि धाडण्याच्या आदेशात का धाडलं याची कारणं नव्हती. हा निकाल आला तेव्हा कौन्सिलची चांगली जिरली म्हणून खूश होणारे आमच्याकडे होते. मला तो वेगळा दिसला. जिथे चार ओळी कारणं लिहून तक्रार दाराशीच परत पाठवायला हवी, तिथे ती आत जाते. जिथे आत घ्यायला हवी, तिथे ती दारापर्यंत पोचत नाही. दोन्हींत कमी पडतो तो विचार, जो कलम ३५ पहिल्याच वाक्यात मागतं.

आणि आपलं कौन्सिल नेहमीच असं होतं असंही नाही. किल्ला कोर्टाचं प्रकरण ज्येष्ठ सदस्यांना आठवत असेल. मुंबईत एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या, म्हणजे या किल्ला कोर्टाच्या, दारात काही वकील उभे राहायचे, पक्षकार आला की त्याच्यावर झडप, कागद हिसकावणं, फी पाडून सांगणं, प्रसंगी एकमेकांशी हातघाई. महाराष्ट्राच्या शिस्तपालन समितीने त्यांना दोषी ठरवलं. दिल्लीत बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने नियमातल्या शब्दांवर बोट ठेवून सोडून दिलं. तेव्हा महाराष्ट्राचं बार कौन्सिल स्वतः अपिलात सुप्रीम कोर्टात गेलं. तुम्हाला अपिलाचा अधिकारच काय, तुमचं काय बिघडलं, असा आक्षेप आला. त्यावर १९७५ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की व्यवसायाची इभ्रत राखणं हे बार कौन्सिलचं कामच आहे, म्हणून तेही बाधित पक्ष. आणि दोषींना सोडून देणारा तो अर्थही न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोडीत काढला. देशातल्या कुठल्याही लॉ कॉलेजात आजही हे शिकवतात. ते कौन्सिल आपलंच होतं. वकिलांना वाचवायला नाही, वकिलांविरुद्ध ते दिल्लीपर्यंत गेलं होतं, आणि तेही तिथल्या सदस्यांनी मतांवर निवडून येऊन.

आज किल्ला कोर्टाच्या दारातली झडप गेली आहे असं म्हणवत नाही. ती सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर गेली आहे. अपघात झाल्यावर मयताचं पोस्टमॉर्टेम उरकायच्या आत कुणाचा तरी माणूस वकीलपत्र घेऊन नातेवाइकांजवळ उभा असतो. मावशींनी पहिली सही तिथेच केली होती, हे मला फार उशिरा कळलं.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल बाहेर कुणाला कल्पना नसते: एनओसी, म्हणजे जुन्या वकिलाचं ना-हरकत पत्र. आपल्या नियमाप्रमाणे आधीच्या वकिलाची संमती असल्याशिवाय दुसऱ्या वकिलाने वकीलपत्र घालायचं नाही, संमती मिळत नसेल तर कोर्टाची परवानगी काढायची. एकमेकांच्या पायात पाय घालू नये म्हणून केलेला हा चांगला नियम. प्रत्यक्षात तो बेडी होतो. फी पूर्ण द्या, मग एनओसी. कागद? तेही फी दिल्यावर. भोपाळच्या एका वकिलाने सहकारी बँकेच्या फायली अशाच अडकवून ठेवल्या होत्या. फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद धरून ठेवता येत नाहीत, हे त्या प्रकरणात २००० साली सुप्रीम कोर्टाने निःसंदिग्ध सांगितलं. आज २५ वर्षांनंतर आमच्या कोर्टाच्या आवारात या निकालाबद्दल विचारा. दहातले आठ जण म्हणतील, असं कुठे असतं होय.

फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्राने ॲडव्होकेट्स ॲक्ट दुरुस्तीचा मसुदा आणला. बार कौन्सिल ऑफ इंडियामध्ये सरकारने नेमलेली माणसं बसवायचा त्यात विचार होता. देशभर वकील रस्त्यावर आले, सरकारने मसुदा मागे घेऊन फेरविचाराला पाठवला. मीही निवेदनावर सही केली, आणि पुन्हा करीन, कारण १९१९ची आठवण मला आहे. पण तहसीलदारांच्या हातात निवेदन देऊन परत येताना स्टॅम्प व्हेंडरपाशी बसलेला एक पक्षकार म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्यावर कुनीच नको व्हय मग?" मी हसण्यावारी नेलं. शेजारी बघा, चार्टर्ड अकाउंटंट मंडळींच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यांच्या शिस्त समितीचा प्रमुख त्यांच्या व्यवसायाबाहेरचा असावा, असं तिथे ठरलं. त्यांनीही आरडाओरडा केला होता. आपल्यावर ती वेळ आणणारा माणूस दिल्लीत बसलेला नाही, तो मागच्या खोलीत चहा मागवतोय.

मला काय हवंय ते सांगतो, फार मोठं नाही. तक्रार मराठीत करता येते, नियमच तसं म्हणतो. दिल्लीला पाठवायची वेळ आली तर इंग्रजी भाषांतर करायची जबाबदारीही कौन्सिलवर आहे, तक्रारदारावर नाही. मग एक पानाचा मराठी नमुना, खाली सत्यापनाचा, म्हणजे वरचं सगळं खरं आहे असं सांगणारा मजकूर, आणि तो प्रत्येक कोर्टाच्या आवारात, बाररूमच्या दारावर नाही तर कोर्टाचे पैसे भरून घेणाऱ्या नाझरच्या खिडकीशेजारी लावलेला. बाररूमच्या दारावर लावला तर दुसऱ्या दिवशी तो तिथे नसेल, हे मी खात्रीने सांगतो. अपघात आणि भूसंपादनाच्या नुकसानभरपाईबाबत तर तुम्ही 'किंवा अन्यथा' हे शब्द वापराच. एखाद्या जिल्ह्यातली पन्नास अवॉर्ड काढा, खात्यातून पैसे कधी, कुणी, किती काढले ते पाहा. तक्रारदार शोधायला लागणार नाही.

सुनावणी तक्रारदाराच्या जिल्ह्यात व्हावी. १८ ऑगस्ट २०२५पासून हायकोर्ट कोल्हापुरात बसतंय, त्यासाठी आम्ही सहा जिल्ह्यांतले वकील चार दशकांहून जास्त काळ भांडलो. पक्षकाराला मुंबईचा हेलपाटा पडतो, हेच आमचं म्हणणं होतं ना? ते म्हणणं वकिलाविरुद्धच्या तक्रारदारालाही लागू करू या. आणि निलंबनाचा आदेश झाला की त्या वकिलाचं नाव आणि मुदत त्याच्या कोर्टाच्या फलकावर लागली पाहिजे. निलंबित माणूस ज्युनिअरच्या नावाने वकीलपत्र घालून त्याच टेबलावर बसलेला मी पाहिलाय. पक्षकाराला पत्ताही नसतो.

तक्रार फेटाळली तरी कारणं लिहून द्या. मराठीत, चार ओळी पुरतात. हरलेला माणूस कारण वाचून घरी जातो, हे कोर्टात आपण रोज पाहतो.

गेल्या महिन्यात मावशी पुन्हा आल्या होत्या. रेशन कार्डासाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. या वेळी सोबत त्यांच्या भावकीतली एक मुलगी होती, वय तिशीच्या आत, नवरा ऊसाच्या ट्रॅक्टरखाली गेलेला. क्लेमचे पैसे जमा झालेत असं तिला बँकेतल्या ओळखीच्याकडून कळलं, वकिलाकडून नाही. वकील तोच. पासबुक त्याच्याकडे. मावशी तिला म्हणाल्या, "ह्या साहेबास्नी सांग. त्यांनी माजं मिटवून दिलं व्हतं."

मी त्या दिवशी प्रतिज्ञापत्राचे पैसे घेतले नाहीत. याने काही फिटत नाही, हे मला कळतं.

पुढच्या आठवड्यात स्पीड पोस्टाने तुमच्याकडे एक अर्ज येईल. कलम ३५ खाली, मराठीत, सत्यापनासह. सोबत बँकेचा उतारा आहे आणि अवॉर्डची सहीशिक्क्याची नक्कल. तक्रारदार ती मुलगी आहे, वकीलपत्र माझं आहे. अर्जाच्या शेवटी दुसऱ्या एका प्रकरणाबद्दल माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडलंय, २०१९च्या शंभराच्या स्टॅम्पपेपरच्या झेरॉक्ससह. त्यावरचं अक्षर माझं आहे. ते वाचून माझ्याविरुद्धही 'मानायला कारण' दिसलं, तर माझी नोटीस याच पत्त्यावर पाठवावी.

आपला,
तालुका कोर्टातला एक वकील